जवाईबापूंचा निळा पट्टा

भुपेंद्रभाऊ हे आंधळगावचे जावई. कुण्या एका घराचे नव्हे, अख्ख्या गावाचे. गाव त्यांचं मूळचं लाखांदूरकडचं. पण वरठीच्या कारखान्यात क्रेन चालवायची नोकरी लागली आणि जाण्यायेण्याची सोय म्हणून त्यांनी सासुरवाडीतच, सासूबाईंच्या भिंतीला भिंत लावून, दोन खोल्या बांधल्या. घरजावई म्हटलेलं त्यांना बिलकूल खपत नाही. "घर वेगळं हाय, विजेचं मीटर वेगळं हाय," ते ठणकावून सांगतात. भाजी मात्र रोज भिंतीवरून येते.

चाळिशी ओलांडल्यावर भुपेंद्रभाऊंचं पोट मोटारसायकलच्या टाकीवर टेकायला लागलं. बायको राखी म्हणाली, "काही तरी करा जी." त्याच सुमारास कोष्टीपुऱ्यात एका बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये जिउ-जित्सूचा वर्ग सुरू झाला. नागपूरहून मनाली मॅडम महिन्यातून दोन रविवार येत. बाकीचे दिवस मागावर बसणारी, दुकानं सांभाळणारी पोरं आपापसांत सराव करत.

या ब्राझिलियन कुस्तीत ठोसा नाही, लाथ नाही. समोरच्याला जमिनीवर घ्यायचं, जखडायचं, हात पिळायचा किंवा गळा आवळायचा. अडकलेल्यानं दोनदा थापटलं की लगेच सोडायचं. एका प्रकारात जाड अंगरखा घालून एकमेकांच्या कॉलरी धरतात. पण भंडाऱ्याच्या मे महिन्यात अंगरखा घातला तर प्रतिस्पर्ध्याची गरजच उरत नाही, तेव्हा इथे बिनअंगरख्याचा प्रकार: घट्ट टी-शर्ट आणि हाफपँट. पट्टे मात्र तेच. आधी पांढरा, मग निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा. गंमत अशी, की अंगरखा नसल्यानं खेळताना हा पट्टा कुणी बांधतच नाही. तो घरी कपाटात असतो.

हे ऐकून सासूबाई जानकीबाई चक्रावल्या होत्या. "जो पट्टा बांधाचाच नाही, त्याच्यासाठी एवढं लोळता कायले जी जवाईबापू?"

"मान असते त्याचा, आई."

"आन आमी देतो थो मान कमी पडते का?"

पुढचा सगळा घोटाळा या मानातूनच झाला, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

कारण भुपेंद्रभाऊ जिंकू लागले. पहिल्या महिन्यापासून जिंकू लागले. बैलगाडी उलटवतील अशी पोरं त्यांच्यासमोर यायची, दोन घटका धडपडायची आणि थापटायची. भुपेंद्रभाऊंना वाटलं, आपल्यात उपजतच काही तरी आहे. वरठीला चहाच्या टपरीवर ते सहकाऱ्यांना गळा आवळण्यामागचं शास्त्र समजावू लागले. एका क्रेनवाल्याची मान तर प्रात्यक्षिकानंतर दोन दिवस वाकडी राहिली. अशी दोनेक वर्षं गेली. आता निळा पट्टा कधी, एवढाच प्रश्न होता, आणि भुपेंद्रभाऊंनी त्यासाठी दिवाणखान्यात खिळा ठोकूनही ठेवला होता.

त्या रविवारी मनाली मॅडम परीक्षेसाठी कडेला बसल्या. समोर गोलू, वर्गातला सगळ्यात तयार गडी. मॅडमनी सुरू म्हटलं, भुपेंद्रभाऊंनी झेप घेतली आणि गोलूनं थापटलं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "गोलू, थापटलंस कशाला? त्यांचा हात तर अजून तुझ्या खांद्यावर होता."

"लागलं जी मॅडम."

"काय लागलं? खांद्याला खांदा?"

गोलू पायाच्या अंगठ्यानं चटई उकरू लागला. "मॅडम, थे जवाई होत आमचे."

"मग?"

"याइचं लग्न झालं तवा मांडवात याइचे पाय धुतले. लोटा मी धरला होता, लहान होतो तवा. ज्याचे पाय धुतले त्याच्या मानीवर कसा बसू, तुमीच सांगा."

मॅडमनी बाकीच्यांकडे पाहिलं. बाकीचे छताचे पत्रे मोजत होते. त्यातल्या एकानं धीर करून सांगितलं, "जानकीकाकूनं तंबीच देल्ती. जवाईबापूच्या गळ्याले हात लावसान तं माह्या दारात पाय नोको ठेवजा."

दोन वर्षांचे सगळे विजय भुपेंद्रभाऊंच्या चेहऱ्यावरून एकेक करून उतरले. त्यांनी हळूच विचारलं, "एकही खरा नव्हता का बे?"

"तुमी मेहनत लय घेत होते, भाऊजी," गोलू म्हणाला. यापेक्षा क्रूर वाक्य आंधळगावात आजवर कुणी उच्चारलं नसेल.

"पट्टा गाव देत नाही, मी देते," मॅडम म्हणाल्या. "खरा खेळ दिसेल त्या दिवशी बघू."

भुपेंद्रभाऊंना आता निळा पट्टा हवा होता तो खराच. त्यांनी पोरांना शपथा घातल्या. गोलूनं प्रयत्न केला. मागून गळ्यात हात टाकला आणि कानात विचारलं, "भाऊजी, दुखून तं नाही राहिलं ना?" दुसऱ्यानं त्यांना खाली पाडलं आणि लगेच उठून पाया पडला. जावयाशी खरं खरं कोण लढणार?

भात वाढताना राखीच सहज बोलून गेली, "जवायाशी जवाईच लढन."

धाकटे जावई म्हणजे आसगावचे चंद्रकुमार. धानाची शेती, हातापायांची जाडी सागाच्या ओंडक्याइतकी. मळणी आटोपून ते बायकोसह चार दिवस सासुरवाडीला आले, तेव्हा भुपेंद्रभाऊंनी जेवताना विषय काढला. चंद्रकुमारांचा घास हातातच राहिला.

"साडभाऊ," ते गहिवरून म्हणाले, "तुमी असं म्हनान, याची मी लग्नापासून वाट पाहून राहिलो हावो."

रविवारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे जानकीबाई, डोक्यावर पदर घेऊन. चंद्रकुमारांना दोनच नियम सांगितले होते: मारायचं नाही, थापटलं की सोडायचं. पहिला त्यांना पटला नव्हता. भुपेंद्रभाऊंनी नेहमीची झेप घेतली, चंद्रकुमारांनी ती पोतं झेलावं तशी झेलली, त्यांना खाली आपटलं, वर बसले आणि मान काखेत घेतली. भुपेंद्रभाऊ जांभळे झाले. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी थापटलं.

जानकीबाई उठल्या. चंद्रकुमारांची पाठ थोपटतील असं वाटलं, तर त्या पोरांवर उसळल्या.

"काहून रे पोट्टेहो! दोन वर्ष माह्या मोठ्या जवायाले शिकवून राहिले होते का खेळवून राहिले होते? भर गावात पडला थो!"

"काकू, तुमीच तं म्हन्लं होतं…" गोलू कळवळला.

"म्हन्लं असन! आता म्हनतो, दाबा! हातचं राखलं तं माह्याशी गाठ हाय." मग जरा विचार करून, "तोंडाले तेवढं लागू नोको देजा, लग्नसराई हाय."

पोरांनी दोन वर्षांची उधारी फेडायला घेतली. गोलू पहिल्या दिवशी डोळे मिटून, मनातल्या मनात माफी मागून भुपेंद्रभाऊंच्या मानेवर बसला. आठवड्याभरात माफी संपली. भुपेंद्रभाऊ लंगडत घरी येत, कान सुजलेला, बरगडीवर हळदीचा लेप, आणि चेहरा मात्र नव्या नवरदेवासारखा. राखीला काळजी वाटायची. "मजा येऊन राहिली वं," ते कण्हत सांगत. हळूहळू हनुवटी छातीशी दाबून गळा कसा लपवायचा, कंबर सरकवून खालून कसं निसटायचं, हे त्यांच्या अंगात मुरलं. पोटही कमी झालं.

उन्हाळा सरता सरता मॅडमनी पुन्हा गोलूला समोर उभं केलं. या वेळी गोलूनं काही राखलं नाही. दोनदा पाठीवर चढला, दोनदा भुपेंद्रभाऊ निसटले. एकदा हात पिळला गेलाच होता, तो त्यांनी ओरडत, घाम गाळत सोडवला. वेळ संपली तेव्हा ते गोलूच्या वर होते, जिंकलेले नव्हते, पण हरलेलेही नव्हते. मॅडमनी पिशवीतून निळा पट्टा काढला आणि टी-शर्टावरूनच त्यांच्या कमरेला बांधला.

"भाऊजी, अजून एक डाव?" गोलूनं विचारलं, आणि मिनिटभरात त्यांचा गळा आवळला. भुपेंद्रभाऊंनी पट्ट्यासकट थापटलं आणि हसत हसत तसेच चटईवर पडून राहिले. पडल्या पडल्याच आसगावला फोन लावला. "साडभाऊ, निळा भेटला! आन भेटल्याबरोबर हारलो, खरा हारलो!"

मग चंद्रकुमार म्हणाले, "मॅडमले थांबवून ठेवा. मी येऊन राहिलो."

भुपेंद्रभाऊंनी हे कडेला बसलेल्या जानकीबाईंना सांगितलं. त्यांनी गोलूला जवळ बोलावलं.

"धाकटे जवाईबापू बी येऊन राहिले," त्या म्हणाल्या. "एकाले जेवढं दाबलं, तेवढंच दुसऱ्याले दाबजा. जवायात दुजाभाव केलेला मले चालत नाही."