हातभर गजरा

तुळजापुरात देवळाच्या वाटेवर बसणारी फुलवाली मोगऱ्याचा गजरा हातानं मोजून देई, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. हात मात्र गिऱ्हाइकाचा. एका ठेंगण्या बाईनं कुरकुर केली, तर म्हणाली, "माय, हात देवीनं दिला, म्या न्हाय. भांडायचं तर खाली देवळात जा."

मी दिसले की ओरडायची, "आली लांब हाताची! आज माझं दिवाळं!" सगळी रांग वळून बघायची. सोलापूरच्या इंग्रजी शाळेतून नुकतीच घरी परतलेली, उंच आणि अबोल अशी मी, मग पदर कोपराखाली ओढून घेई.

बाजारात मीटरचं माप आलं, तेव्हा मला हायसं वाटलं. तिनंही मीटरपट्टी आणली आणि तिच्यावर स्वतःच्या आखूड हाताएवढ्या अंतरावर लाल दोरा बांधला. त्याला ती सरकारी माप म्हणे. सगळ्यांना तेवढाच गजरा.

आधीच्या स्थळानं माझ्या उंचीवरून नकार दिला होता. म्हणून नवे पाहुणे येणार त्या दिवशी आईनं बजावलं, "हात पदरात ठेव." तशीच मी गजरा आणायला गेले.

"मावशी, मीटरनं द्या."

तिनं माझ्या पदराकडं पाहिलं. "बघायला येनार हायत व्हय? मग काढ हात भाईर. झाकून कुठवर झाकशील?"

पट्टी तिनं मांडीखाली सारली. रांगेसमोर मी हात लांब केला. तिनं बोटाच्या टोकापर्यंत गजरा मोजला आणि वर आणखी थोडा सोडला.

संध्याकाळी पाहुण्यांपुढं चहाचा ट्रे मी हात पुरता लांब करूनच धरला.