तोमासाबाईंनी न दिलेला कोको

शेजारच्या तोमासाबाईंच्या मुलाला सैनिकांनी उचलून नेलं, तो परत आलाच नाही. आमच्या ग्वाटेमालाच्या न्यायाधीशाने सैनिकांना अभय देणाऱ्या कायद्यावर बोट ठेवून खटला बंद केला. शेवटी बाई अमेरिका खंडाच्या मानवाधिकार न्यायालयात जिंकल्या. सरकारने गावात येऊन माफी मागावी आणि खटला पुन्हा चालवावा, असा निकाल लागला.

सरकारी साहेब आले आणि स्पॅनिशमध्ये कागद वाचू लागले.

“आमच्या अची भाषेत बोला!” बाई कडाडल्या. “पोराला नेताना तुमच्या सैनिकांना शिव्या बऱ्या येत होत्या अचीत!”

“आजी, मागितली ना माफी?”

“आणि खटला?”

“ते आमचे न्यायाधीश बघतील.”

“त्यानेच तर बंद केला, मेल्या!”

आमच्यात माफी मान्य झाली की मागणाऱ्याला कोको पाजतात. एवढं होऊनही त्या निर्लज्ज साहेबाने कोकोच्या वाटीसाठी हात पुढे केला. बाईंनी कोको परत मडक्यात ओतला.