दवंडीचा पंच

आमच्या गावात पंच व्हायला अक्कल लागत नाही, दुकान लागतं. माझं किराणा दुकान स्टँडला लागून, मी सकाळपासून गल्ल्यावर, आणि सही वळणदार. त्यामुळं तलाठ्याला कसलाही पंचनामा करायचा असला की तो आधी माझ्याकडं येतो. गारपीट झाली, भिंत पडली, कुणाची शेळी चोरीला गेली, सगळीकडं मी 'समक्ष' हजर होतो आणि गादीवरून एकदाही उठलेलो नाही. चहा येतो, कागद येतो, मी सही ठोकतो. या मोठेपणाचा मला वर अभिमानही होता.

गावाच्या टोकाला, तेलगावच्या वाटेवर, गुरांचा जुना दवाखाना आहे. दगडी, दोन खोल्यांचा, पुढं रुंद ओसरी. तो धडधाकट उभा असताना सरकारनं दुसऱ्या टोकाला नवा बांधला, कारण बांधण्यात जे खायला मिळतं ते वापरण्यात मिळत नाही. नव्याच्या उद्घाटनाला मंडप होता, हलगी होती, पुढाऱ्यांची रांग होती. जुन्याला कुलूप लागलं आणि किल्ली कुणाकडं आहे हे कुणालाच सांगता येईना.

त्या दवाखान्यावर माझ्या शेजारणीचा जीव होता. लग्न झाल्यापासून ती दर साल नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. मोळ्या वाहून वाहून तिची कंबर गेली आहे. गावात असली की ती आणि तिच्या बचत गटाच्या बाया त्या ओसरीवर चुली मांडून ज्वारीच्या भाकरी करायच्या, रस्त्यावरचे ढाबेवाले घेऊन जायचे. सरकार दवाखाना विकणार अशी कुणकुण होती. तो गटाला मिळाला तर बारा महिने भाकरी विकता येईल आणि हातातला कोयता सुटेल, एवढीच तिची इच्छा.

दसऱ्यानंतर टोळीचा ट्रक निघाला, तेव्हा ती नेहमीसारखी घराची किल्ली माझ्याकडं द्यायला आली.

"आप्पा, दवाखान्याचं काय कळलं की लगीच फोन करा. गटाच्या समद्या बाया तोडीलाच हायत, पर आमी येऊ. औंदाची माझी शेवटची खेप."

"तू बिनघोर जा," मी म्हणालो. "मी हाय ना इथं."

गुढीपाडव्याला टोळी परतली. दुसऱ्याच दिवशी ती दुकानापुढं उभी. "आप्पा, दवाखान्याला नवं कुलूप हाय. ओसरीवर सिमेंटच्या गोण्या रचल्यात. कावून?"

मला ठाऊक नव्हतं. चौकशी केली तर कळलं, पौषातच लिलाव होऊन गेला आणि आमच्या पुढाऱ्याच्या मेहुण्यानं दवाखाना घेतला. पौषात! त्या वेळी निम्मं गाव कारखान्यांच्या उसाच्या फडात असतं आणि मागं राहतात ती कानानं कमी ऐकणारी म्हातारी माणसं. माझं डोकंच फिरलं. बांधताना हलगी वाजवता, मग विकताना मांजराच्या पावलानं कशाला येता? विकायचंच आहे तर गाव घरी असताना विका. आठवडी बाजारात, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत बोली लावा. जी माणसं ती जागा वापरतात त्यांना आधी विचारा. याला काय मोठी विद्या लागते?

हे सगळं मी अर्जात लिहिलं, खाली जोरदार सही केली आणि तिला घेऊन वडवणीला तालुक्याच्या कचेरीत गेलो. शिपाई ओळखीचा निघाला. हळूच म्हणाला, "तीन बोलीवाले लागतेत म्हणून तीन आलते आप्पा. तिघं बी एकाच गाडीतून उतरले. एक तर डायवरच व्हता." आता तर मला आणखीच चेव आला. साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवून मी खणखणीत आवाजात सांगितलं, की गावात एका माणसालाही कळवलेलं नाही.

साहेब शांत होते. त्यांनी फाइल काढली आणि वाचून दाखवलं. आज रोजी गावात कोतवालामार्फत दवंडी दिली, दवाखान्याच्या लिलावाची हकिकत ग्रामस्थांना मोठ्यानं समजावून सांगितली, कोणाचीही हरकत नाही, पंचासमक्ष. मग कागद आमच्याकडं फिरवला.

तिला वाचता येत नाही. पण गटाच्या फॉर्मवर साक्षीदार मीच होतो, तेव्हा माझी सही तिनं पाहिलेली. तिनं त्या वळणावर बोट ठेवलं.

"आप्पा, ही तुमची न्हवं?"

मला पौषातला तो चहा आठवला, तलाठ्याची गडबड आठवली. कागद मात्र आठवेना, कारण मी तो वाचलाच नव्हता. साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. अर्ज परत खिशात घातला आणि आम्ही बसनं गावी आलो.

यंदा दसऱ्यानंतर ट्रक पुन्हा स्टँडवर लागला. ती कंबरेला पट्टा आवळून आली. समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्याकडं गेली आणि घराची किल्ली त्याच्या हातात दिली. मग माझ्या दुकानापुढं क्षणभर थांबून, नेहमीच्याच आवाजात, "येते आप्पा," म्हणाली आणि ट्रकमध्ये चढली.