समोरच्या सोंडेवरचं गाव

भुताखेतांच्या गोष्टी मला कोणी सांगू लागलं की मी उठून जात असे. मी घोड्यांचा डॉक्टर, मला नाडी कळते, ताप कळतो… बाकी सगळं झूठ! आजही मत तेच आहे. तरी हे सांगतो.

आमचं ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं, घोडदळ मोडलं, आणि आम्हाला नव्या सरकारच्या खात्यात सामावून घेतलं. गढवालात मेंढ्यांमध्ये साथ आली, तेव्हा मला आणि माझे कंपाउंडर जाधव यांना तिकडे पाठवलं. झाडं संपतात त्याच्याही वर, उघड्या कुरणात, मेंढपाळ बख्तावरसिंगाच्या दगडी झोपडीत आमचा मुक्काम. मागे बर्फाची शिखरं, गावं पार खाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाधव ओल्या खडकावरून घसरले. नडगीचं हाड बाहेर!

"डॉक्टरसाहेब, पाय गेला माझा… घरी काय सांगाल?"

त्यांना झोपडीत आणून मी फळ्या बांधल्या, पण रक्त थांबेना. बख्तावरसिंग म्हणाला, "साहब, गाँव तो दिनभर का रास्ता है." आम्हा दोघांच्यानं ते ओझं खाली उतरवणं शक्य नव्हतं.

मी बाहेर आलो. धुकं जरा सरकलं — आणि समोरच्या डोंगराच्या सोंडेवर गाव! पाटीच्या दगडांची छपरं, चुलींचा धूर, कुत्र्याचं भुंकणं. मी धावत गेलो. चौघे जण अंगणातच उभे होते. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी एक दार बिजागरीतून उचललं आणि माझ्यासोबत निघाले. जाधवांना त्यावर घालून, एक शब्द न बोलता, ते खालच्या मोटाररस्त्यापर्यंत घेऊन आले. मी ट्रक थांबवला, जाधवांना आत घेतलं, वळून पाहिलं तर रस्ता मोकळा. पाय वाचला. जाधव आजही ग्वाल्हेरच्या फूलबागेत फिरायला जातात.

पुढच्या उन्हाळ्यात त्या चौघांसाठी मी ग्वाल्हेरच्या नई सडकेवरून पेढे घेऊन मुद्दाम गेलो. सोंडेवर नुसतं गवत… जोत्याचा एक दगडही नाही!

मी बख्तावरसिंगाला जरा जोरातच विचारलं, "यहाँ का गाँव कहाँ गया?"

"गाँव? यहाँ पानी ही नहीं है साहब, गाँव कैसे बसेगा?" मग तो माझ्याजवळ आला. "मैं तो सालभर से आपसे पूछना चाहता था… वो चार आदमी आप कहाँ से लाए थे?"

म्हणजे ते चौघे त्यानंही पाहिले होते!

मी पेढे तिथेच गवतावर ठेवले आणि उतरलो.