बोटाला न लागलेला ठिपका

छापखान्यात सगळे तिला ताई म्हणत. पाठीमागे मात्र 'फौजदार'. जन्मापासून अंध, पण ब्रेलच्या पुस्तकांचं प्रूफ तपासायला बसली की ठिपका जरा इकडचा तिकडे झाला तर कुणाची खैर नाही! उजव्या तर्जनीने ती मोठ्याने वाचायची आणि समोरची चष्मेवाली ते मूळ पुस्तकाशी ताडून बघायची. बावीस वर्षं दोघींचं असंच चाललं होतं.

आठवडाभर मात्र ताई छपाईच्या नावाने खडे फोडत होती. त्या सोमवारी गणिताचं पुस्तक निघालं.

"उत्तर अकरा," ताई म्हणाली.

"मुळात बारा आहे गं."

"मग खालचा ठिपका यंत्राने गिळला असेल!"

पान पुन्हा काढलं. पुन्हा अकराच. तिसऱ्यांदा यंत्रवाले काका स्वतःच पान घेऊन आले. "ताई, ठिपका आहे हो, चांगला टचटचीत. जरा डावं बोट लावा."

तिने लावलं. ठिपका होता. ताईने उजवं बोट पुन्हा फिरवून पाहिलं. त्याला काहीच लागत नव्हतं.

महिन्यापूर्वी तिच्या टॅक्सीला मागून गाडीने धडक दिली होती. मानेला जोरात हिसका बसला, एवढंच. एक्स-रे काढला, हाडं ठणठणीत निघाली, विषय संपला. उजव्या तर्जनीला मुंग्या यायच्या, त्याचं खापर तिने थंडीवर फोडलं होतं.

आता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक्स-रेत हाडं दिसतात. स्पर्शाचा निरोप नेणाऱ्या पेशींचे पुंजके कण्याच्या अगदी शेजारी असतात. अशा हिसक्याने त्यांना इजा होऊ शकते. तुमचं तसंच झालं असावं, पण छातीठोक नाही सांगता येत."

"बोट परत येईल?"

"तेही नाही सांगता येत."

घरी येऊन ताई ढसाढसा रडली. डोळे नसल्याचं तिला कधी एवढं वाटलं नव्हतं. वाचणं गेलं तर ती खरी आंधळी होणार होती.

"आई, मी वाचून दाखवीन ना," लेक म्हणाली.

"ते तुझं वाचन झालं. माझं काय?"

छापखान्याच्या साहेबांनी फोनवर बसायचं काम देऊ केलं. ताई उसळलीच. "एक बोट झोपलंय साहेब, नऊ जागी आहेत! चार महिने द्या मला."

तिने पहिलीचं पुस्तक काढलं आणि डाव्या तर्जनीला मुळाक्षरांपासून शिकवायला घेतलं. आणि ते बोट म्हणजे अगदी ढ! ओळ सोडायचं, अक्षर विसरायचं. "मेल्या, नीट चाल!" म्हणत ताई ते परत मागे आणायची. मान दुखली की शेकायची, पुन्हा बसायची.

चार महिन्यांनी ती आपल्या खुर्चीत बसली. साहेब दारात उभे. डाव्या बोटाने वाचताना ताई अडखळली, घामाघूम झाली, पण थांबली नाही.

"एकही चूक नाही," चष्मेवाली मूळ पुस्तकातून मान वर करत म्हणाली.

साहेब खाकरले. "छान. पण ताई, एका पानाला पाऊण तास लागला..."

"उद्या अर्धा लागेल," ताई म्हणाली. "तुम्ही असेच बोलत राहिलात तर मात्र सांगता येत नाही."

आणि तिने दुसरं पान पुढ्यात ओढलं.