सांगितली तेवढी किंमत

आमच्या आबांनी सांगितलेल्या किमतीला कधी कुठली वस्तू घेतली नाही. लक्ष्मीपुरीत भाजीला गेले की आई चार पावलं अलीकडेच थांबायची आणि मी तिच्या आडोशाला. "वीसला पेंडी? मेथीला सोनं लावलंय व्हय?" हा आवाज सगळ्या मंडईला ऐकू जायचा. भाजीवाली मावशीही काही कमी नव्हती. "परवडत न्हाय तर बघून जावा पावणं!" म्हणायची. शेवटी पंधराला पेंडी यायची, वर कोथिंबीर फुकट. आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि आबा लग्नाचं जेवण जेवून आल्यासारखे खूश असायचे.

नदीकडच्या पेठेत तळमजल्यावर आमचं भाड्याचं घर होतं. पुढच्या खोलीत आबांचं झेरॉक्सचं दुकान. मोठं मशीन एका फायनान्स कंपनीच्या कर्जावर घेतलेलं, पण हप्ता कधी चुकला नव्हता. मग पूर आला आणि मशीन पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर खराट्याने चिखल लोटता लोटता आई म्हणाली, "आता वरच्या मजल्यावर घर बघूया. आपलं स्वतःचं. एक खोली असली तरी चालंल मला." आईने जन्मात आमच्याकडे एवढंच मागितलं.

दुकान बंद, त्यामुळे हप्ते थकले. कंपनीचा वसुलीवाला दारात आला. आबांनी त्याच्याशीही मेथीच्या पेंडीसारखीच घासाघीस केली आणि राहिलेल्या रकमेच्या निम्म्यावर मिटवलं. आईला भिशी लागली होती, ते पैसे भरले. कंपनीचं पत्र खिशात घालून आबा बर्फीचा पुडा घेऊन घरी आले. "निम्मं सोडलं बघा त्यांनी!" त्या दिवशी आईसुद्धा हसली. निम्मं सोडण्याची किंमत काय, ते त्या वसुलीवाल्याने एका शब्दाने सांगितलं नाही. आजही तो मला रस्त्यात दिसला तर मी त्याला सुखासुखी जाऊ देणार नाही.

काही वर्षांनी मला नोकरी लागली. उजळाईवाडीकडे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट बघितला. आई बाल्कनीत उभी राहिली आणि खाली वाकून म्हणाली, "हितं कुठलं येतंय पाणी?" आम्ही बिल्डरला टोकन दिलं. माझ्या एकटीच्या पगारावर कर्ज बसेना, म्हणून आबांचंही नाव घातलं.

बँकेतला साहेब तरुण होता आणि बोलायला नम्र. "काका, तुमचा क्रेडिट स्कोअर फार कमी आहे," तो म्हणाला.

"कुणाचं एक रुपया देणं न्हाय माझं."

"देणं नाही. पण तेव्हा हप्ते थकले होते, आणि मशीनचं कर्ज पुरतं फेडलेलं नाही, तडजोडीत मिटवलंय. तशीच नोंद आहे. नवीन कर्ज देणारा आधी तेच बघतो."

"त्यांनी सोडलं म्हणून दिलं की निम्मं! मी काय चोरी केली?"

आबांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. आईचं घर आपल्यामुळे गेलं, हे त्यांना तिथेच त्या खुर्चीत कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी बँकेतली ठेव मोडून त्यांनी कंपनीची राहिलेली रक्कम पुरती भरली. आता नोंद बदलेल, पण स्कोअर वर यायला वेळ लागेल, असं साहेबाने सांगितलं. बिल्डर कशाला थांबतोय? फ्लॅट दुसऱ्याला गेला. टोकनमधली बरीच रक्कम कापून त्याने पाकीट पुढे केलं. आता आबा कडाडतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी पाकीट खिशात घातलं आणि म्हणाले, "चला."

तेव्हापासून आबा मंडईत तोंड उघडेनात. मावशी सांगेल ती किंमत द्यायची आणि पिशवी उचलून निघायचं. मला त्या शांततेची भीती वाटायला लागली. आईला तर घरापेक्षा तेच जास्त लागलं होतं.

मागच्या हिवाळ्यात मंडईत मेथीचे ढीग पडले होते, दहाला पेंडी कुणी घेईना. आम्ही दोघी नेहमीच्या जागी थांबलो. आबांनी भाव विचारला. मावशी म्हणाली, "पन्नासला एक."

मी दचकले. आईने माझा हात घट्ट धरला.

आबांनी पाकीट काढलं. "दोन द्या." शंभराची नोट देऊन ते पुढे चालायला लागले.

मावशीने आईला हाक मारली आणि जास्तीचे पैसे तिच्या हातात कोंबले. "वैनी, तुम्ही सांगितलंसा म्हणून बोलले. परत न्हाय व्हायचं माझ्याच्यानं."

आईने डोळे पुसले. भरभर चालत तिने आबांना गाठलं आणि त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "पन्नासला मेथी आणि गप घेतलीसा? भांडायचं तरी की जरा!"

"नको," आबा म्हणाले. "मागनं कुणी ‘यानं कमी दिलं’ म्हणून उकरून काढायला नको."