घरचंच दुकान

माणसाची ओळख चेहऱ्यावरून पटते म्हणतात, पण कवळीवाल्यांना ती जबड्यावरून पटायची. दातांच्या दवाखान्यामागे, जिन्याखालच्या एका खोलीत त्यांची अडतीस वर्षं गेली. खिडकीशी टेबल, त्यावर मेण, स्पिरिटचा दिवा, बारीक सुऱ्या, आणि भिंतभर फळ्यांवर नंबर टाकलेले पांढऱ्या प्लास्टरचे जबडे. दवाखान्यातून लोकांच्या तोंडाचं माप यायचं आणि त्यावर कवळी बसवून ते परत पाठवायचे. गिऱ्हाईक समोर यायचंच नाही. पण बाजारात कुणी मोकळं हसलं, की कवळीवाले बायकोच्या कानाशी लागायचे, "अगं ते बघ, माझं काम चाललंय."

बायकोचा वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर जरासा चढलेला होता. ती हसली की ओठाआडून आधी तो डोकवायचा आणि मग बाकीचे दात यायचे. पहिल्या भेटीत त्यांच्या लक्षात राहिला तो हा सुळाच. संसाराला वर्ष होत आलं होतं तेव्हा, एका रिकाम्या दुपारी त्यांनी तिला खोलीत बसवून तिच्या तोंडाचं माप घेतलं. मापाचा लगदा नाकाला लागला, ती हसत सुटली, ठसा बिघडला, आणि दुसऱ्यांदा घ्यावा लागला. तो साचा त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, बिननंबरचा. त्याच दिवशी ते म्हणाले होते, "तुला कसली काळजी? तुझे पडले तर घरचंच दुकान आहे."

हे वाक्य पुढे त्या घरात मिठासारखं वापरलं गेलं. पाहुणे आले की निघायचं, शेजारणींसमोर निघायचं. तीही टाळी द्यायची.

मुलीच्या वेळी दिवस गेले तेव्हा ब्रश केल्यावर तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. बेसिनमधला गुलाबी फेस कवळीवाल्यांनी स्वतः पाहिला होता. तिची मावशी म्हणाली, बाईचा एक दात मुलामागे जायचाच. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं काही नसतं, त्यांना घेऊन या, हिरड्या साफ करून घेऊ. दवाखाना आणि त्यांची खोली यांच्यामध्ये फक्त बारा पायऱ्या होत्या. पण ते म्हणाले मिठाच्या पाण्याने चुळा भर, आणि ती म्हणाली बरं. पुढे रक्ताची सवय झाली. सवय झालेल्या गोष्टीकडे कोण बघतं?

मुलीच्या दातांत मात्र तिने कधी हयगय केली नाही. दात यायच्या आधीपासून ओल्या मऊ फडक्याने तिच्या हिरड्या पुसल्या. पहिला दात दिसला त्या दिवशी इवलासा ब्रश आणला. दुधाचे दात पडणारच आहेत, त्यांचं काय एवढं, असं कुणी म्हटलं की ती सांगायची, मागून येणाऱ्यांची जागा तेच धरून ठेवतात. दर सहा महिन्यांनी ती मुलीला घेऊन त्या बारा पायऱ्या चढायची, खुर्चीशेजारी आपली पर्स धरून उभी राहायची आणि मुलीबरोबर उतरायची. त्या खुर्चीत आपणही बसावं असं तिला वाटलं नाही, आणि वाटलं असेल तर कुणी विचारलं नाही. तिचा स्वतःचा ब्रश म्हणजे तुडवलेलं गवत. सगळ्यांचे डबे भरून झाले, सगळे घराबाहेर पडले, की दुपारी बाराच्या सुमारास तिला तो आठवायचा.

सेहेचाळिसाव्या वर्षी तिची खालची एक दाढ हलून हलून निघाली. कीड नाही, काही नाही. हिरडीनेच तिला सोडून दिलं होतं. ती दाढ कागदाच्या पुडीत बांधून ती खोलीवर आली आणि त्यांच्या टेबलावर पुडी ठेवत म्हणाली, "घ्या. घरचं गिऱ्हाईक आलं."

ते हसले. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांना आठवायचं ते हेच. ते वाक्य बोलून ती त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली होती, आणि ते नुसतं हसले होते.

बारा वर्षांत एकेक करून सगळे गेले. मग कवळीवाल्यांनी तिच्यासाठी कवळी केली. इतकं मन लावून त्यांनी आयुष्यात काम केलं नव्हतं. हिरडीचा रंग तीनदा बदलला. दात मोत्यासारखे, एका ओळीत, कुठे खोट काढायला जागा नाही. आणि चढलेला सुळा त्यांनी सरळ करून टाकला. आयुष्यभर त्यांनी तेच तर केलं होतं. वाकडं दिसलं की हात आपोआप सरळ करायला जायचा.

शेजारणी म्हणाल्या, दहा वर्षांनी लहान दिसतेस. ती तोंडावर हात ठेवून हसली. तिने तोंडावर हात ठेवलेला कवळीवाल्यांनी त्याआधी कधी पाहिला नव्हता. पेरू तिचा जीव की प्राण, पण त्याच्या बिया कवळीखाली जाऊन टोचतात म्हणून पेरू बंद झाला. एकदा जेवताना ती म्हणाली, "छान आहेत हो. पण तोंडात घातले की दुसऱ्या कुणाच्या घरी राहायला गेल्यासारखं वाटतं." त्यांना राग आला. लोक रांगा लावतात माझ्या कामासाठी, असं काहीसं ते बोलले. ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

एकसष्टाव्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला, बोलणं जड झालं, ओठाची डावी बाजू उतरली. पहिल्याच घासाला वरची कवळी सुटून ताटात पडली, तेव्हा तिने मान फिरवली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, त्या घरी येऊन तपासून गेल्या. म्हणाल्या, गालात जोर नाही, आता कवळी टिकणार नाही. मऊ खायला द्या आणि तोंड स्वच्छ ठेवा.

कवळीवाल्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ते खोलीवर गेले, स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरचा बिननंबरचा साचा काढला. धूळ पुसली. चढलेला सुळा जागेवर होता. तिला तिचे दात परत द्यायचे, ती पुन्हा पहिल्यासारखी हसलेली बघायची, एवढं एकच त्यांच्या डोक्यात बसलं. मुलगी म्हणाली, "बाबा, डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंत ना?" ते म्हणाले, "डॉक्टर दात काढतात. घालतो मी."

हात आता म्हातारे झाले होते. जे काम आठवड्यात व्हायचं त्याला दीड महिना लागला. सगळ्यात कठीण गेला तो सुळा. वाकडा दात वाकडा बसवायची त्यांच्या हाताला सवयच नव्हती. मेणात बसवला की बोटं त्याला सरळ करून टाकायची. पाच वेळा उपटला, सहाव्यांदा तसाच राहू दिला.

सकाळच्या उन्हात, खिडकीशी, त्यांनी नवी कवळी तिच्या तोंडात बसवली. मुलगी आपल्या आठ महिन्यांच्या पोरीला कडेवर घेऊन दाराशी उभी होती. क्षणभर वाटलं, बसली. मग डावी बाजू खाली आली आणि कवळी ओठावर लोंबली. त्यांनी पुन्हा लावली, चिकटवायची पावडर टाकून लावली, बोटाने दाबून धरली. बोट काढलं की ती यायची. शेवटी तिनेच उजव्या हाताने ती काढली, मांडीवर घेतली, उलटसुलट पाहिली. अंगठा फिरत फिरत सुळ्यावर येऊन थांबला.

"हा... माझा," ती जड जिभेने म्हणाली.

कवळीवाल्यांनी आयुष्यभर जे विनोदावर नेलं ते आता तोंडातून निघालं. "तेव्हाच मी तुला वर न्यायला हवं होतं. बाराच पायऱ्या होत्या."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ती नाही म्हणेल, असू द्या म्हणेल, असं त्यांना वाटलं असावं; जन्मभर ती तसंच म्हणत आली होती.

"हो," ती म्हणाली.

तेवढंच. त्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती. मग तिने उजवा हात उचलून दाराकडे केला, नातीकडे. "तिचं बघा."

त्या दिवसापासून कवळीवाले बायकोचं तोंड स्वतः साफ करू लागले. जेवण झालं की हात धुवायचे, मऊ फडकं ओलं करून बोटाला गुंडाळायचे आणि हिरड्या, जीभ, डाव्या गालात अडकलेला भात हलकेच पुसून काढायचे. दात नसलेल्या तोंडाचीही निगा लागते, हे दातवाल्या माणसाला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळलं. इतकी वर्षं त्यांनी तोंडं प्लास्टरमध्ये पाहिली होती. बायकोचं तोंड आतून किती ऊन असतं, ते त्यांना आत्ता कळत होतं. समोर बसलेली नात ते बघून आपलंही तोंड उघडायची. खाली एक पांढरा ठिपका दिसू लागला होता. ते पुन्हा हात धुवायचे आणि दुसरं फडकं घ्यायचे.

असे चार महिने मिळाले. मग ती गेली.

आवराआवर करताना मुलीला खिडकीत पाण्याचा वाडगा दिसला, आत नवी कवळी. पाणी ताजं होतं. ती उचलायला गेली तसे ते म्हणाले, "राहू दे. पाण्याबाहेर राहिली की तिचा आकार बिघडतो."

"पण बाबा, आता..."

"मला माहीत आहे," ते म्हणाले, आणि नातीचा ब्रश शोधायला उठले.